दूध ओढीनं येतं

माझी नोकरी संपली तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात एका साहेबांनी भाषण ठोकलं, की सिस्टरांनी आयुष्यभर बाळंतपणं सुखरूप पार पाडली. मी खाली मान घालून हसत होते. बाळंतपणं बायकांनी पार पाडली होती, आणि बरीचशी गावातल्या सुइणींच्या हातात. मी चालत पोचेपर्यंत लेकरू रडून झोपलेलं असायचं. माझं खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं आणि त्याबद्दल भाषणात कुणी चकार शब्द काढला नाही. मी बायकांना लेकरं अंगावर पाजायला शिकवायची.

यात शिकवायचं काय, असं तुम्हाला वाटेल. माझ्या मालकांनाही वाटायचं. "ते आपोआप होतं," असं म्हणून ते पेपर उघडायचे. खरं आहे, बहुतेकींचं आपोआप होतं. ज्यांचं होत नाही त्यांच्या घरी मी जायची.

परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात, बोरीच्या बाजूच्या एका उपकेंद्रावर मी नर्स होते. उपकेंद्र म्हणजे एक खोली, एक टेबल, सुया उकळायचा स्टोव्ह, आणि लेकरू झोळीत घालून टांगायचा स्प्रिंगचा वजनकाटा. आसपासची गावं माझ्याकडं. एसटी जाईल तिथंपर्यंत एसटी, पुढं पायी. वरून टार्गेट असायचं ते कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या केसेसचं. त्यामुळं मी गल्लीत शिरले की बायका मागच्या दारानं शेताकडं पसार व्हायच्या. पाजण्याचं टार्गेट नव्हतं. म्हणून त्या कामात मला जाब विचारणारं कुणी नव्हतं, आणि तेवढं एक काम मी नोकरीत मनासारखं केलं.

मी मूळची गंगाखेडची, बौद्ध घरातली. त्या वर्षांत विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेला होता आणि गावागावांत हवा तापलेली असायची. काही घरांत बाळंतिणीच्या छातीला माझा हात चालायचा, लेकरू माझ्या मांडीवर चालायचं, पण पाण्याच्या माठाला हात चालायचा नाही. याचा मला राग यायचा. अजूनही येतो. पण लेकरू रडत असलं की दुसरं काही सुचतच नाही, हा माझा स्वभाव. आधी लेकरू गप करायचं, मग रस्त्यानं परत येताना एकटीनं चिडायचं, अशी मी सवय लावून घेतली होती.

आता थोडं कामाबद्दल सांगते. "मला दूधच येईना" असं सांगणाऱ्या दहाजणींत आठ-नऊजणींना दूध असतं, लेकराला ते घेता येत नसतं. नवी आई लेकराच्या तोंडात नुसतं बोंडाचं टोक देते. लेकरू ते चावतं, बोंडाला चिरा पडतात, आई कळवळते, पाजायचं टाळते, दूध साचून छाती दगडासारखी होते, आणि मग घरातलं कुणीतरी बाजारातून बाटली आणतं. इलाज साधा असतो. लेकराचं पोट आईच्या पोटाला भिडवायचं, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं, आणि बोंडाभोवतीचा काळा भागसुद्धा तोंडात जाईल असं लेकराला जवळ ओढायचं. नीट लागलं की लेकराचा जबडा पार कानापर्यंत हलतो. गालाला खळी पडली तर समजायचं, नुसतंच चोखायलंय. हे सांगायला दोन मिनिटं लागतात आणि करून दाखवायला कधी कधी अख्खी सकाळ जाते. आईच्या मागं बसून, तिचा दंड आपल्या हातात धरून, तिच्याबरोबर घाम गाळत बसावं लागतं.

दुसरी अडचण घरातल्या मोठ्या बायकांची. पहिलं पिवळं, घट्ट दूध म्हणजे चीक. ते वाईट असतं म्हणून पिळून टाकायचं आणि तीन दिवस लेकराला गूळपाणी चाटवायचं, ही रीत घरोघर. एका घरी मी गेले तर अंगणात म्हैस व्यालेली, आणि घरात सून बाळंत झालेली. म्हशीच्या चिकाचा खरवस करून गल्लीभर वाटला होता, मलाही द्रोणात दिला. सुनेचा चीक मात्र राखेत पिळला होता.

मी त्या सासूबाईंना म्हटलं, "म्हशीचा चीक वाटून खाता आणि नातवाच्या वाट्याचा राखेत घालता?"

"आवो सिस्टर, खरवस मोठ्या मानसाला पचतो. एवढ्याशा लेकराला कसा पचंल?"

"मग पारडूला कसा पचतो?"

सासूबाईंनी जरा विचार केला. "पारडूला चार पाय असत्यात," त्या म्हणाल्या, "ते पळून पचवतं."

दोघीही पोट धरून हसलो. हसण्याच्या भरात मी लेकरू सुनेच्या छातीला लावलं आणि त्यांनी लावू दिलं. माझी बरीच कामं अशीच झालीत, वाद जिंकून कमी.

पण ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला बसले तो वेगळा आहे. तिथं मी शिकवायला गेले आणि तोंडात बोट घालून परत आले.

माझ्या हद्दीतल्या एका लहान गावात किसन नावाचा शेतकरी होता, थोडक्या जमिनीचा, अबोल. त्याची बायको बाळंत झाली, मुलगी झाली, आणि रक्त थांबेना म्हणून बैलगाडीत घालून निघाले तर रस्त्यातच ती गेली. मला निरोप मिळाला तो ती गेल्याचाच. घरात उरले किसन, त्याची म्हातारी आई, आणि बहीण मथुरा. मथुराला मूल झालं नव्हतं. बरीच वर्षं वाट बघून तिच्या नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला माहेरी आणून सोडली. तेव्हापासून ती भावाच्या शेतात राबायची. ओटीभरणाला, बारशाला तिला कुणी बोलवत नसे आणि तीही जात नसे.

मी भेटीला गेले तेव्हा लेकरू मथुराच्या मांडीवर होतं. शेजारी बोरीच्या बाजारातून आणलेली काचेची बाटली, तिचं रबर चिकट झालेलं, त्यावर माशा. शेळीचं दूध चालू होतं. लेकराला हगवण लागली होती. डोळे आत गेलेले, टाळू खोल, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. असं लेकरू मी पाहिलं की मला पुढचं दिसायला लागायचं. आईवेगळी, बाटलीवरची लेकरं त्या काळात उन्हाळा काढत नसत.

लेकरू रडायला लागलं. मथुरा माझ्याकडं पाठ करून बसली. रडणं थांबलं. मी वाकून पाहिलं तर तिनं लेकरू आपल्या छातीला लावलं होतं. मी पाहिलं हे कळताच ती लाजेनं लाल झाली.

"उगं चाळवायला लावते, सिस्टर," ती म्हणाली. "काय न्हाई त्यात. पन तेवढंच गप ऱ्हाती."

माझं लक्ष लेकराच्या जबड्याकडं होतं. तो कानापर्यंत हलत होता. एवढं वाळलेलं लेकरू, रडायलाही धड आवाज नाही, पण ओढ अशी की मी कित्येक धट्ट्याकट्ट्या लेकरांत पाहिली नव्हती.

त्याच दिवशी मथुराला आणि लेकराला बैलगाडीतून आमच्या आरोग्य केंद्रावर आणलं. डॉक्टर तरुण होते, नुकतेच पास होऊन आलेले, बायकांशी बोलताना भिंतीकडं बघणारे. लेकराला तपासून ते म्हणाले, "परभणीला हलवायला पाहिजे." पण नामांतरावरून बंद पुकारलेला होता, एसटी जागेवर उभ्या होत्या, केंद्राची जीप आधीच एक पेशंट घेऊन गेली होती. जायला काही नव्हतं. मग डॉक्टरांनी स्वतः मीठ-साखरेचं पाणी केलं आणि आम्ही व्हरांड्यात बसून चमच्या-चमच्यानं ते पाजत राहिलो. संध्याकाळपर्यंत लेकरानं डोळे उघडून इकडंतिकडं पाहिलं. डॉक्टर उठून मागं गेले आणि तोंड धुऊन आले. त्यांचे डोळे लाल होते.

"आजचं निभावलं," ते मला म्हणाले, "पण परत त्याच बाटलीवर गेलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा इथंच, नाहीतर इथंही नाही."

मी त्यांना लेकराच्या ओढीबद्दल सांगितलं. ट्रेनिंगमध्ये आमची एक म्हातारी मेट्रन सांगायची, दूध बाळंतपणानं उतरतं पण टिकतं ओढीनं. लेकरानं ओढलं की आईच्या डोक्याला निरोप जातो आणि डोकं दूध करायचा हुकूम सोडतं. मी विचारलं, बाळंतपणच झालं नसेल तर? नुसत्या ओढीनं हुकूम सुटेल का?

"पुस्तकात आहे," डॉक्टर म्हणाले. "दत्तक घेतलेल्या बायकांनी पाजल्याचं मी वाचलंय. पाहिलेलं नाही. तुम्ही पाहिलंय?"

"नाही."

"मग बघू. दूध नाही आलं तरी बाटली सुटेल, तेवढाही फायदा आहे."

मथुरा खांबाला टेकून हे ऐकत होती. मी तिला साध्या शब्दांत समजावलं. तिनं एकच विचारलं, "म्या? मला येतंय का कुठं?" आणि मग, मी काही बोलायच्या आत, "काय करायचं ते सांगा."

करायचं ते असं होतं. दूध उकळून, निववून बोंडल्यात घ्यायचं. बोंडलं म्हणजे लेकरांना पाजायचं चोचीचं लहान भांडं, ते बहुतेक घरांत असतं आणि उकळता येतं. लेकरू मथुराच्या छातीला लावायचं आणि दुसऱ्या कुणी बोंडल्यातून दुधाची बारीक धार तिच्या छातीवरून अशी सोडायची की ती बोंडावरून ओघळून लेकराच्या तोंडात जाईल. लेकराला वाटतं इथंच दूध आहे, म्हणून ते सोडत नाही, ओढत राहतं. त्याचं पोटही भरतं आणि ओढही चालू राहते. दिवसातून जितक्या वेळा लेकरू मागेल तितक्या वेळा.

धार सोडायचं काम म्हातारीकडं आलं, कारण घरात दुसरी बाई नव्हती. मी तिला आधीच सांगितलं होतं, "आजी, देवानं दिलं तर मथुराला दूधही येईल." म्हातारीनं हात झटकला. "कशाचं आलंय दूध! कोरड्या हिरीला पाझर फुटत न्हाई सिस्टर. पन लेकरू जगू द्या, म्या सोडते धार."

बाटली मी पिशवीत घालून घेऊन आले. पुढं बरेच दिवस मी दर फेरीला तिथं जायची. लेकरू वाळलेलंच होतं पण हगवण थांबली होती. वजन वाढत नव्हतं, पण घटतही नव्हतं. म्हातारी कुरकुरत धार सोडायची. "आमच्या टायमाला आसलं काय न्हवतं," म्हणायची, पण तिचा हात असा बसला होता की एक थेंब बाहेर सांडत नसे. मथुराच्या बोंडांना चिरा पडल्या, तिनं तोंडातून हूं की चूं केलं नाही. मीच बघून खोबरेल लावायला सांगितलं आणि लेकराचं तोंड नीट बसवून दिलं. आपल्या कामाचा इतका अभिमान असलेली मी, पण मनातून मला दूध येईल असं वाटत नव्हतं. मी फक्त एका लेकराला बाटलीपासून लांब ठेवत होते.

काही आठवडे असेच गेले. एक दिवस मी गेले तर दार लोटलेलं. आत लेकरू रडत होतं, भुकेचं रडणं, जे माझ्या कानाला लगेच कळतं. मी हाक मारून आत शिरले. म्हातारी लेकरू मांडीवर घेऊन बसली होती आणि हातात नवीन बाटली होती. मथुरा कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून. तिच्या छातीला जुन्या धोतराची पट्टी करकचून बांधली होती आणि त्या पट्टीवर दोन ओले डाग होते.

मला समजायला एक क्षण लागला. मग म्हातारीच्या तुटक बोलण्यातून कळलं ते असं. त्या सकाळी म्हातारी बोंडलं भरून यायच्या आधीच लेकराला भूक लागली होती, मथुरानं त्याला लावलं होतं, आणि म्हातारी आली तर लेकराच्या ओठाच्या कडेला दूध. धार सुटलीच नव्हती आणि दूध होतं. म्हातारीनं बोंडलं खाली टाकलं, लेकरू हिसकून घेतलं आणि लेकीच्या थोबाडीत मारली.

"इचारा तिला," म्हातारी मला म्हणाली. "इचारा, कुणाचं हाय. कवा झालं, कुठं टाकलं. बाळंत झाल्याबिगर बाई दूध देती व्हय? सारं गाव हाय, सिस्टर. नवऱ्यानं सोडलेली हाय ती. उद्या लोक काय मनतील?"

आयुष्यात मी इतकी भारावले आणि इतकी चिडले, एकाच क्षणी, असं पुन्हा झालं नाही. कधीही न व्यालेल्या बाईला पान्हा फुटला होता. जे पुस्तकात वाचलेलं, पाहिलेलं नव्हतं, ते माझ्यासमोर धोतराच्या पट्टीतून झिरपत होतं. आणि ज्या घरात ते घडलं त्या घरात ते पापाची खूण झालं होतं.

मी सगळं सांगून पाहिलं. डोक्याला जाणारा निरोप, हुकूम, डॉक्टरांचं पुस्तक. "मी दर फेरीला हिला बघते आजी, हिचं पोट कधी वाढलेलं नव्हतं, मी सही करून देते," म्हटलं. "डॉक्टरांना घेऊन येते."

"डागतर आन तुमी नोकरीवाले. आज हितं, उद्या बदली. मला हितंच मरायचंय." म्हातारीनं बाटली लेकराच्या तोंडात दिली. लेकरानं तोंड फिरवलं. तिनं पुन्हा दिली. त्यानं पुन्हा फिरवलं आणि किंचाळून रडलं. आता ते बाटली घेणार नव्हतं, हे मला कळलं. त्याला खरी जागा सापडली होती. आणि घेतली असती तरी त्या बाटलीचं पुढं काय होतं ते मला माहीत होतं.

मथुरा भिंतीकडूनच बोलली. "आय, मला काय मनायचं ते मन. घराभायेर काढ. पन त्येला पाजू दे. पाजून जाते."

लेकराचं रडणं चालूच होतं. प्रत्येक किंकाळीबरोबर मथुराच्या पट्टीवरचे डाग मोठे होत होते, हे मी पाहत होते आणि म्हातारीही पाहत होती.

तेवढ्यात दारात किसन दिसला. तो शेतावरून आला होता की आधीपासूनच ओट्यावर बसून ऐकत होता, कोण जाणे. बायको गेल्यापासून तो कुणाशी चार शब्दांवर बोलत नसे. तो आत आला नाही. बाळंतिणीच्या गोष्टी, बायकांच्या गोष्टी, त्यात गड्यानं पडू नये असं त्याला वाटत असावं. चौकटीला धरून, खाली बघत बोलला.

"आय, आपली तांबडी कालवड ध्यानात हाय का?"

म्हातारीनं वर पाहिलं.

"गाभन न्हवती ती. फळलीच न्हवती आजून. दुसऱ्या गाईची वासरं तिला लुचायची, दिसभर. आन तिला पान्हा फुटला. तूच बगितलंस आदी. मला हाका मारून दावलंस. वासरायच्या तोंडाला काट्याची मुसकी बांधली आपुन, तिला लुचू ने मनून."

त्यानं पायानं उंबऱ्यावरची माती बाजूला सारली.

"तवा त्या कालवडीला न्हाई इचारलंस," किसन म्हणाला, "कुणाचं हाय मनून."

एवढं बोलून तो वळला आणि बाहेर गेला. मला वाटतं त्याला स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटली असावी, बहिणीची तुलना कालवडीशी केल्याची. पण मी जे पुस्तकाच्या आधारानं अर्धा तास बोलत होते, ते त्याच्या गोठ्यात घडलेलं होतं. त्या घरातल्या प्रत्येकानं ते पाहिलं होतं, आणि माणसाच्या बाबतीत तसं होऊ शकतं हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. माझ्याही नाही. मी शेतकऱ्यांच्या घरांत उभी राहून नोकरी केली आणि गोठ्याकडं कधी पाहिलं नाही.

म्हातारी मांडीवरच्या लेकराकडं बघत राहिली. मग उठली. गुडघे कुरकुरले, ती कण्हली, आणि चालत कोपऱ्यात गेली. लेकरू मथुराच्या मांडीवर ठेवलं. पट्टीची गाठ पाठीमागं होती, घट्ट बसलेली, तिच्या बोटांना सुटेना. मी मदतीला पुढं झाले तर तिनं माझा हात बाजूला केला. दातांनी सोडली तिनं ती गाठ.

लेकरू लागलं. एकदा ओढलं, दोनदा ओढलं, आणि मग घोट गिळल्याचा आवाज आला. लेकरू गिळतं तेव्हा घशात एक बारीक 'क' असा आवाज होतो. पाजायला शिकवणाऱ्या बाईला त्याच्याइतकं गोड काही नसतं. मी तो आवाज नोकरीभर ऐकला आहे. त्या दिवशी ऐकला तसा पुन्हा ऐकला नाही. मथुराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ती ते पुसत नव्हती, कारण एक हात लेकराखाली होता आणि दुसरा त्याच्या डोक्यावर.

दूध पोटभर कधीच आलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. बोंडल्याची धार पुढंही चालू ठेवावी लागली, पोरगी भाकरीचा कुस्करा खायला लागेपर्यंत. डॉक्टरांनीही सांगितलं होतं की असंच होतं. पण जे आलं ते पुरेसं होतं. मी दर फेरीला वजन करायची आणि काटा खाली-खाली, म्हणजे जास्त वजनाकडं, सरकायचा. डॉक्टर एकदा मुद्दाम बघायला आले. दारातच, पाठ करून उभे राहिले आणि मला विचारलं, "खरंच?" मी म्हटलं, "खरंच." मग ते मोटरसायकल न चालवता, हातानं ढकलत वेशीपर्यंत गेले. मीही त्या दिवशी चालतच परत आले आणि रस्त्याच्या कडेला बसून उगाचच रडले. आनंदानं म्हणा, आणखी कशानं म्हणा. बाईच्या अंगात काय काय झोपलेलं असतं आणि कशानं जागं होतं, हे मला त्या दिवसाआधी माहीत नव्हतं. आजही पूर्ण माहीत आहे असं मी म्हणणार नाही.

गाठ सुटली त्यानंतरच्या आठवड्यात मी गेले तेव्हाचं सांगते आणि थांबते. गावात कुजबुज पसरलीच होती. येताना पाराजवळ दोघी-तिघींनी मला अडवून विचारलं, खरं आहे का, आणि विचारताना एकमेकींकडं बघून हसल्या. मी धड उत्तर दिलं नाही. म्हातारीचं मन पुन्हा फिरलं असेल, बायकांच्या बोलण्यानं तिनं पुन्हा पट्टी बांधली असेल, असं मनात घेऊनच मी दार उघडलं.

आत ओवा आणि बाळंतशेपाचा धूर भरला होता. खोलीत मधोमध बाज टाकलेली होती आणि बाजेखाली शेगडीत निखारे. मथुरा बाजेवर आडवी होती. केस तेलानं चोपडलेले, कानांवरून डोक्याला फडकं गच्च बांधलेलं, अंगावर गोधडी, आणि छातीशी लेकरू. उशाला अळिवाच्या खिरीची वाटी. उन्हाळ्याचे दिवस, तिच्या कपाळावरून घाम निथळत होता आणि ती हसत होती.

"आयनं धरून बसवलंय," ती म्हणाली. "शेतात जाऊ दीना. सकाळीच आंगाला तेल लावून न्हाऊ घातलं. मनती, आता सव्वा महिना हालायचं न्हाई."

मी काटा आढ्याला अडकवला, लेकराला झोळीत घातलं, आणि काटा सरकलेला पाहून पुन्हा एकदा पाहिला. लेकरू परत तिच्याकडं दिलं. तेवढ्यात ओट्यावर बायकांचा आवाज आला. पाराजवळच्याच असाव्यात. "आवो मावशी, जरा बगू द्या की. लोक काय काय मनायलेत. आमी आपलं डोळ्यानं बगतो आन जातो."

मथुराचं हसू गेलं. तिनं लेकरू आणखी जवळ ओढलं आणि दाराकडं बघत राहिली.

म्हातारी एव्हाना उंबऱ्यावर येऊन बसली होती. ती उठल्याचं मला गुडघ्यांच्या आवाजावरून कळलं.

"सव्वा महिन्यानं या," ती म्हणाली, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. "आज कुणालाबी आत येता येनार न्हाई. घरात बाळंतीण हाय."

आणि तिनं दार लोटून घेतलं.